रद्दीवाल्याचा काटा आणि मारुतीचे हेड

मारुती ८०० ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. तरी आपल्या वस्त्यांतून, कॉलन्यांतून ती अजून दिसते. आमच्या दारातही एक उभी आहे, तिसऱ्या हाताची. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे छोटे इंजिन, बॉनेट उघडले की बहुतेक सारे डोळ्यांसमोर. त्यामुळे माझ्यासारख्या कारकुनालाही वाटू लागते की हे आपल्याला जमेल. जमतेही. पण आधी फटका बसतो.

मला तो स्पार्क प्लगने दिला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी तिन्ही प्लग काढून साफ केले आणि पाना लावून पुन्हा बसवले. तिसरा जरा जड जात होता. जोर लावला. प्लग पोलादाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. प्लग तिरका शिरला होता, त्याने हेडमधले आटे कापून काढले. मग गॅरेज, हेड उतरवणे, नवे आटे बसवणे. सणासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. घरात तेव्हा जी शांतता पसरली तिचे वर्णन करत नाही.

त्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा दाखवला. ती नळी प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या टोकावर बसवायची आणि प्लग नळीनेच फिरवत आत न्यायचा. सरळ जात असेल तर तो चार-पाच वेढे सहज फिरतो. तिरका शिरला तर नळीच हातात घसरते, आटे मोडण्याइतका जोर तिच्यात नसतोच. शेवटचे कसणे तेवढे पान्याने. भंगारातल्या त्या तुकड्याने माझी दिवाळी वाचली असती.

तेव्हापासून मी अशा युक्त्या वहीत टिपून ठेवतो. ऑइल फिल्टर हाताने सुटत नसेल तर सायकलच्या जुन्या चेनचा तुकडा लोखंडी पट्टीला जोडून त्याला वेढा मारावा. इंजिनात कुठे खटखट होते ते ऐकायला लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्या जागी टेकवावे आणि मूठ कानाशी धरावी. मात्र पंखा आणि बेल्ट यांपासून बाह्या आणि ओढणी दूर ठेवा. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायला सी-क्लॅम्प आणि पाइपचा तुकडा पुरतो. पाइपला बाजूने खिडकी कापून घ्यायची, म्हणजे तिच्यातून चिमट्याने लॉक काढता येतात. कारकुनी पेशाची माझी भर दोन गोष्टींची. टायमिंग बेल्ट उतरवण्याआधी पुलीवर आणि शेजारच्या खुणेवर व्हाइटनरचा ठिपका द्यावा. आणि जुन्या फाइलच्या पुठ्ठ्यावर हेडचे चित्र काढून, जो बोल्ट जिथला तिथे भोक पाडून खोचावा. कोणता बोल्ट कुठला हा वाद मग राहत नाही.

पण खरा प्रश्न हेड पुन्हा कसताना येतो. यंदा गॅस्केट गेले. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखे झालेले, म्हणजे त्यात पाणी शिरलेले. गॅस्केट बदलणे तसे अवघड नाही, पण हेडचे सगळे बोल्ट सारख्या जोराने आवळावे लागतात. एक ढिला आणि एक घट्ट राहिला की गॅस्केट पुन्हा जाते, इंजिन तापले तर हेडच वाकते. मिस्त्रींना विचारले, किती आवळायचे? ते हसले, म्हणाले, "साहेब, ते हाताला कळतं." खरे आहे. त्यांच्या हाताला चाळीस वर्षांत कळले. माझ्या हाताला फक्त पेन कळते.

पण दुरुस्तीच्या पुस्तकात आकडा असतो, किलोग्रॅम-मीटरमध्ये. हा जोर मोजणारा टॉर्क रेंच विकत मिळतो, पण वर्षातून एकदा लागणाऱ्या हत्यारावर पैसे घालणे मला पटेना. मग लक्षात आले की हा साधा गुणाकार आहे. पान्याची लांबी गुणिले ओढ. समजा पुस्तकात ६ किलोग्रॅम-मीटर दिले आहे आणि बोल्टच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर आपण ओढणार आहोत. ६ भागिले ०.३, म्हणजे २० किलो. हा भागाकार माझ्या नववीतल्या मुलीने माझ्याआधी केला. ४० सेंटिमीटरवर ओढले तर १५ किलोच पुरतात.

ओढ मोजायला आमच्या रद्दीवाल्याकडून स्प्रिंगचा काटा मागून आणला. रद्दीवाल्याचा काटा म्हटल्यावर शंका येणारच, म्हणून आधी त्याला तांदळाची १० किलोची सीलबंद पिशवी टांगली. काटा साडेनऊ दाखवू लागला. इतकी वर्षे आमची रद्दी किती गेली असेल, असो. २० किलोला तो १९ दाखवेल असे गृहीत धरले.

गोटी पान्याच्या दांड्याला बरोबर ३० सेंटिमीटरवर तारेची कडी केली, तिच्यात काट्याचा हूक अडकवला. इंजिन थंड, बोल्टचे आटे पुसलेले. ओढ पान्याशी काटकोनातच हवी, तिरकी ओढली तर हिशोब चुकतो. झटका द्यायचा नाही. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेर जायचे आणि एका दमात पूर्ण न कसता तीन फेऱ्यांत. आम्ही ७, मग १३, मग २० केले. मुलगी आकडा वाचत होती, मी ओढत होतो, पत्नी पुठ्ठ्यावर खुणा करत होती. दीड तास लागला.

एका बाबतीत मात्र घरगुती अक्कल चालवू नका. चाक काढून गाडीखाली शिरायचे असेल तर विटा, दगड, सिमेंटचे पोकळ ब्लॉक यांवर गाडी टेकवू नका. वीट वाकत नाही, ती एकदम फुटते. नुसत्या जॅकवरही भरवसा नको. लोखंडी स्टँड विकत घ्या, नाहीतर गॅरेजवाल्याकडून दिवसभरासाठी मागून आणा. बोल्ट तुटला तर दुसरा मिळतो.

गाडी सुरू केली, दोन दिवसांनी पाणी पाहिले, डिपस्टिक पाहिली. ऑइल स्वच्छ होते. काटा परत करायला गेलो तेव्हा रद्दीवाला म्हणाला, "काय साहेब, गाडी भंगारात घातली का? किलोवर घेतो." मी म्हटले, "घालेन तेव्हा घालेन, पण तुमच्या काट्यावर नाही."