निळ्या कापडावर पांढरे सब्लिमेशन!

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की या मासिकाच्या टपालात निविदांच्या झेरॉक्स वाढतात. यंदाच्या गठ्ठ्यातली एक तर चौकट करून भिंतीवर लावावी अशी आहे. 'कापड : १०० टक्के पॉलिएस्टर डॉट निट, गडद निळे. छपाई : सब्लिमेशन. बोधचिन्ह व क्रमांक : पांढरा.'

सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते, हे वाचकांना सांगायला नको. अट लिहिणाऱ्याला मात्र कुणीतरी सांगायला हवे होते. झेरॉक्स पाठवणाऱ्या छपाईवाल्याने आपल्या परीने मार्ग काढला. पांढऱ्या डॉट निटचे पॅनल कापले, २०० अंशांवर पुरते निळे केले आणि क्रमांकाची जागा कोरी सोडली. काम नितळ उतरले. बोट फिरवले तरी छपाई लागत नव्हती. तपासणीला आलेल्या साहेबांनी जर्सी उलटी केली, आतली पांढरी बाजू पाहिली आणि शेरा मारला : 'कापड निळे नाही.' माल परत आला. अनामत रक्कम अजून अडकलेली आहे.

साहेबांचा मुद्दा अगदीच पोकळ होता असेही नाही. गडद सब्लिमेशन ताणले की शिवणीपाशी पांढरे डोकावतेच. पण ते नको असेल तर अटीत रंगवलेले कापड आणि त्यावर लो-ब्लीड स्क्रीन प्रिंट मागावे. दोन्ही पद्धतींचे गुण एका ओळीत मागायचे आणि भाव मात्र सर्वात कमी हवा!

पुढे तीच ऑर्डर दुसऱ्याने पुरवली. निळे कापड, वर डीटीएफचा पांढरा ठोकळा, बिलावर 'सब्लिमेशन'. आतबाहेर निळे दिसले, क्रमांक पांढरा दिसला, माल पास. आता ही जर्सी कबड्डीच्या मॅटवर जाईल. तिथे बचावपटूच्या मुठीत हमखास जर्सीच येते. पाठभर चिकटवलेल्या फिल्मखाली घाम कोंडतो, आणि चार ओढाताणींत कडा सुटू लागतात. छातीवरच्या छोट्या लोगोला डीटीएफ उत्तम. पाठीवरच्या बारा इंची क्रमांकाला नव्हे.

अर्थात सगळे खापर साहेबांवर फोडून भागणार नाही. लाल पॉलिएस्टरवर साधे प्लास्टिसोल मारून १६० अंशांच्या भट्टीतून काढणारे आपल्यातच आहेत. कापडातला डिस्पर्स रंग त्या उष्णतेने उठतो आणि पांढऱ्या शाईत शिरतो. कधी भट्टीतून निघतानाच, कधी गठ्ठा बांधून ठेवल्यावर दोन-चार दिवसांनी. गिऱ्हाईक पिशवी उघडते तेव्हा क्रमांक गुलाबी. मग फोन उचलायचा नाही, कापडवाल्याला शिव्या द्यायच्या. करड्या ब्लॉकरचा एक हात आणि कमी तापमानाची शाई एवढ्यावर निभावणारे काम आहे, पण एक स्क्रीन वाढते म्हणून ती वाचवायची.

गेल्या काही वर्षांत ज्याने जे यंत्र घेतले त्याला प्रत्येक ऑर्डर त्याच यंत्राची दिसू लागली आहे. एकरंगी छपाईचे पाचशे सुती टी-शर्ट डीटीएफवर काढून हप्ते फेडणारे महाभागही आहेत. तिथे स्क्रीनच हवी. उलट पंधरा खेळाडू, पंधरा नावे, पंधरा क्रमांक आणि पोटावर चार प्रायोजक असले की स्क्रीनचा विचारच नको. पांढरे पॉलिएस्टर घ्यावे आणि सब्लिमेशन करावे. नाव बदलले तरी खर्च तोच.

यंत्रे भारी असली म्हणजे चूक टळते, हा भ्रमही सोडलेला बरा. १९ जून २०१६ रोजी युरो स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध खेळताना स्वित्झर्लंडच्या खेळाडूंच्या जर्सी भर मैदानात टराटरा फाटल्या. पुमाने नंतर कारण दिले ते असे : एका खेपेतले सूत उत्पादनातच खराब झाले होते, उष्णता, दाब आणि वेळ यांचा मेळ नीट सांभाळला नाही तर असे होते. उष्णता, दाब, वेळ. आपल्या हीट प्रेसवरही हीच तीन बटणे असतात. त्यातले वेळेचे बटण गर्दीच्या दिवसांत पंधरा सेकंदांवरून आठवर कोण आणतो, हे ज्याचे त्याला ठाऊक.

तेव्हा या महिन्यात सभासदांनी दोन कामे करावीत. एक, प्रत्येक कोटेशनवर कापड, त्याचा रंग आणि छपाईची पद्धत एकत्र लिहावी, आणि त्याच कापडाचा छापील तुकडा पाच वेळा धुऊन सोबत जोडावा. दोन, निविदेत अशक्य अट दिसली तर निविदापूर्व बैठकीतच लेखी हरकत घेऊन शुद्धिपत्रक मागावे. 'आधी ऑर्डर घेऊ, मग बघू' म्हणणाऱ्यांमुळेच अशा अटी वर्षानुवर्षे जशाच्या तशा उतरवल्या जातात. हरकतीची प्रत आणि मिळालेले उत्तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवावे. खात्याचे नाव झाकून पुढच्या अंकात छापू. उत्तर आले नाही, तर तेही कळवावे.