त्रिकोणी डोंगर पुरे

चित्र काढायला सांगितलं की आपल्याकडची मुलं दोन त्रिकोणी डोंगर आणि मधोमध सूर्य काढतात. भंडाऱ्यात असा डोंगर आहे कुठे? तुमसरजवळच्या आंबागडच्या किंवा कोक्याच्या टेकड्या ठेंगण्या, पाठ गोलसर. लांबची रांग फिकट निळी दिसते, कारण मधली हवा निळा प्रकाश विखुरते, जवळची हिरवी-तपकिरी. म्हणून जलरंगात आधी लांबच्या रांगेचा पातळ हात द्यावा, तो वाळू द्यावा, मग पुढची रांग. घाई केली की सगळा चिखल! पळस शेवटी. त्याचा शेंदरी रंग निळ्यावर चढवला तर मळतो. फुलांची जागा कोरीच राखावी. फाल्गुनात पळस फुलतो. शिक्षकहो, तेव्हा वर्ग बाहेर न्या.