फिरतीची नोकरी सोडताना

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. नागपूर-हैदराबाद महामार्ग येथून जातो आणि पिंपळखुटीचा नाका मागे टाकून पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. अशा ठिकाणच्या व्यापारी घराला फिरती नवी नाही. पूर्वीच्या पिढ्या कापसाच्या हंगामात खेडोपाडी हिंडल्या. आताचा मुलगा बियाण्यांच्या वा औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणून हिंडतो. कापसाची फिरती मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी संपत असे. कंपनीत एका महिन्याचे उद्दिष्ट गाठले की दुसऱ्याचे समोर उभे असते.

पगार, प्रवासभत्ता आणि वर्षअखेरचे बक्षीस या मापाने अशी नोकरी मोजली जाते. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे, तेथे आणखी एक माप आपोआप लागते. डिसेंबरात या भागात पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. वणी, घाटंजी, आदिलाबाद अशा फेऱ्या करणारा माणूस तोवर परतणे कठीणच. पत्नी काही वर्षे ताट झाकून वाट पाहते, मग वाट पाहणे सोडते. खरी हानी तेथून सुरू होते, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही, कारण घरात भांडण नसते. मुलांची शाळा, सासूबाईंची औषधे, भावकीतील लग्नाचा आहेर, सारे ती एकटी ठरवते. शनिवारी रात्री आलेल्या पतीला पाहुण्यासारखा आदराने चहा मिळतो.

हे दुःख जुने आहे. १५८६ साली जौनपुरात जन्मलेले जैन व्यापारी आणि कवी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. आग्ऱ्याच्या व्यापारात सर्वस्व गमावून ते खैराबादला सासुरवाडीस आले, तेव्हा पत्नीने स्वतः साठवलेले वीस रुपये त्यांच्या हाती ठेवले. पुढे आईकडून दोनशे मिळवून दिले. ते भांडवल घेऊन बनारसीदास पुन्हा व्यापाराला निघाले. ते दूर असतानाच तिच्या मृत्यूचे वृत्त आले, आणि त्याच वेळी तिच्या धाकट्या बहिणीशी सोयरीक ठरल्याचेही. जिने कठीण काळी भांडवल पुरवले, तिच्या अखेरच्या दिवसांत पती जवळ नव्हता. व्यापारी घरांनी या प्रसंगातील वीस रुपयांइतकेच हे अंतरही लक्षात ठेवावे.

श्रावकाच्या व्रतांतील दिग्व्रत येथे आठवते. दहा दिशांना किती दूर जायचे याची मर्यादा आधीच आखून घ्यावी, असे ते व्रत. त्याच्या अतिचारांत ‘क्षेत्रवृद्धि’ म्हणजे लोभाने मर्यादा वाढवणे, आणि ‘स्मृत्यन्तराधान’ म्हणजे आखलेली मर्यादाच विसरणे, हे दोन मोजले आहेत. व्रताचा मूळ हेतू हिंसा आणि परिग्रह यांना आळा घालण्याचा आहे, संसारसुखाचा नव्हे. पण कंपनीने वाढवून दिलेला तालुका ‘बढती’ म्हणून स्वीकारणाऱ्याला दुसऱ्या अतिचाराचा अर्थ सहज कळावा.

तरी राजीनामा दिला की पती घरी आला, असे समजू नये. नोकरी सोडून वडिलांच्या दुकानात किंवा जिनिंगमध्ये बसणारा दिवाळीनंतर रात्री उशिरापर्यंत गाड्या मोजत बसतो. अंतर दीडशे किलोमीटरवरून अर्ध्या किलोमीटरवर आले, एवढेच होते. म्हणून राजीनाम्याआधी हिशोब दोघांनी मिळून मांडावा. घरखर्च किती आणि भत्ता बंद झाल्यावर कोठे ओढ लागेल, हे पत्नीला रुपयापर्यंत ठाऊक असते. गृहकर्जाचा हप्ता बहुधा पतीलाच. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय पक्का होत नाही. थोरल्यांचा सल्ला त्यानंतर घ्यावा, आधी नाही, कारण एकत्र कुटुंबात ‘मुलगा गादीवर आला’ या आनंदात सुनेचे मत विचारायचेच राहून जाते.

आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही. दहा वर्षे तिने आपल्या शिस्तीने घर चालवलेले असते. तिच्या दुपारी ठरलेल्या असतात, मंदिराची वेळ, मैत्रिणी, मुलांचा अभ्यास. आलेल्या पतीने पहिल्याच आठवड्यात वीजबिलापासून फडताळापर्यंत सुधारणा सुचवू लागणे तिला जाचक होते. निदान पहिला पावसाळा तरी त्याने पानावर वेळेवर बसावे आणि विचारल्याशिवाय काही सुचवू नये.