दोन डिस्का म्हणजे दोन प्रती नव्हेत

आपल्या शाळेंतील कित्येक विद्यार्थ्यांनीं घरच्या जुन्या संगणकाचा फाइल सर्व्हर बनविला आहे, असें त्यांचे पालक अभिमानानें सांगतात. घराण्याचीं छायाचित्रें, लग्नाच्या चित्रफिती, आजोबांच्या कीर्तनांचीं ध्वनिमुद्रणें एके ठिकाणीं असावीं व तीं घरांतील प्रत्येकास पाहतां-ऐकतां यावीं, हा हेतु स्तुत्य आहे. मात्र बहुधा डिस्का आधीं विकत घेतल्या जातात आणि योजना मागाहून होते. म्हणून याविषयीं चार शब्द लिहिणें मला अगत्याचें वाटतें.

अनेक डिस्का जोडून जो एकच संग्रह करितात, त्यास पूल म्हणतात. हा नदीवरचा पूल नव्हे. यास हौद म्हटलें तर अर्थ बरोबर कळेल. हौद मोठा झाला म्हणजे सोय वाढते, तशी धास्तीही वाढते. बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं १९८८ सालीं "रेड" पद्धतीवरील आपल्या प्रसिद्ध निबंधांत हेंच दाखविलें कीं, डिस्का जितक्या अधिक, तितका त्यांपैकीं एखादी बिघडण्याचा प्रसंग लवकर येणार. सबब कांहीं जागा संकटासाठींच राखून ठेविली पाहिजे.

ही राखण मुख्यतः दोन प्रकारें होते. मिरर पद्धतींत प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर लिहिली जाते. पॅरिटी पद्धत गणिताच्या तासास शोभेल अशी आहे. तीन डिस्कांवर ७, ५ व ९ हे अंक लिहिले आणि चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहिली, तर ५ हरवल्यास २१ मधून ७ व ९ वजा करून तो परत मिळतो. (प्रत्यक्षांत बेरजेऐवजीं निराळी क्रिया असते, पण तत्त्व हेंच.) चार-चार टेराबाइटांच्या चार डिस्का असल्यास एकेरी पॅरिटीनें सुमारें १२ टेराबाइट जागा हातीं येते, मिररनें आठच. येथेंच पुष्कळांस मोह पडतो.

परंतु बिघडलेल्या डिस्केच्या जागीं नवी बसविली कीं, पॅरिटींत उरलेल्या तिन्ही डिस्का वाचून हरवलेला मजकूर पुन्हां काढावा लागतो. सेकंदास १५० मेगाबाइट वेग धरिला, तरी भरलेल्या चार टेराबाइटांस सात तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यांत दुसरी डिस्क गेली कीं सर्वच गेलें. आणि एकाच दिवशीं, एकाच दुकानांतून, एकाच घडणीच्या घेतलेल्या डिस्का बरोबरच थकल्या, तर त्यांत नवल नाहीं. मिररमध्यें फक्त जोडीदार डिस्क वाचावी लागते. घरासाठीं माझें मत मिररच्याच बाजूचें आहे.

झेडएफएस वापरणारांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. त्यांत पूल डिस्कांच्या गटांचा बनतो, व एक अख्खा गट गेला कीं सारा पूल जातो. जागा अपुरी पडली म्हणून मागाहून एकच सुटी डिस्क त्यांत घालणें म्हणजे लोखंडी साखळींत सुतळीची कडी अडकविणें होय. वाढवावयाचें तर जोडीनेंच.

इतकें कळूनही मी स्वतः फसलों. माझ्या परलोकवासी आईनें गाइलेल्या भजनांचें ध्वनिमुद्रण आमच्या मिररवर होतें. एके दिवशीं घरांतील मुलाच्या हातून तो फोल्डर पुसला गेला, आणि आज्ञाधारक मिररनें तो दोन्हीं डिस्कांवरून तत्क्षणीं पुसला! स्नॅपशॉट घेण्याची व्यवस्था मीं केलेली नव्हती. पुढें बहिणीकडील एका जुन्या पेनड्राइव्हवर तीन भजनें सांपडलीं. त्यांतलें शेवटचें अर्धेंच आहे. मुलावर मी रागावलों नाहीं. चूक माझी होती. जोड-डिस्केस मीं प्रत समजत होतों. जोड-डिस्क डिस्केच्या मरणापासून वांचविते. चुकलेला हात, चोर, आग यांपुढें तिचें कांहीं चालत नाहीं.

म्हणून ज्या पालकांजवळ पैसा बेताचा आहे, त्यांनीं चार डिस्कांच्या हौदाचा हट्ट मुलांस करूं देऊं नये. दोन डिस्कांचा मिरर, रोजचे स्नॅपशॉट आणि तिसरी डिस्क दुसऱ्या घरीं, इतकें पुरे. आमची तिसरी डिस्क आतां बहिणीच्या कपाटांत असते. नाताळांत व मे महिन्यांत ती इकडे येते. नवें सर्व तिच्यावर उतरवून, दोन-चार फाइली खरोखर उघडतात कीं नाहीं हें पाहून, मग ती परत जाते.