आदरांजली कुणाला?

अमेरिका-ब्रिटनमधल्या छोट्या हॉलांत 'ट्रिब्यूट बँड' वाजवतात. म्हणजे एखाद्या गाजलेल्या रॉक बँडची हुबेहूब नक्कल. तीच गाणी, तसेच केस, तशीच गिटार. स्टेज आणि पहिली खुर्ची यांत हातभर अंतर. 'लेड झेपेलिन' या ब्रिटिश बँडची नक्कल करणारे असे कितीतरी आहेत. लोक भारावतात, ही आदरांजली आहे म्हणतात. आमचा प्रश्न एवढाच : कुणाला?

झेपेलिनचं 1969 चं 'होल लोटा लव्ह' घ्या. त्यातले शब्द विली डिक्सनच्या 'यू नीड लव्ह'वरून उचललेले. डिक्सन मिसिसिपीत जन्मलेला काळा गीतकार; ते गाणं मडी वॉटर्सने 1962 मध्येच गायलं होतं. रेकॉर्डवर मात्र चार गोऱ्यांची नावं. डिक्सनने 1985 मध्ये दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे त्याचं नाव लागलं. अठरा वर्षं!

नावात काय ठेवलंय, असं म्हणणाऱ्यांनी पैशाचा रस्ता बघावा. तिकडे हॉलवाला गाणी वाजवण्याचा परवाना घेतो आणि त्यातला पैसा गीतकार, संगीतकार, प्रकाशक यांच्याकडे जातो. नक्कल कुणीही करो, कागदावर ज्याचं नाव त्याच्या घरी चूल पेटते.

झेपेलिनचंच 1971 चं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' मूळचं 1929 मधलं, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या काळ्या जोडप्याचं. विषय 1927 चा मिसिसिपीचा महापूर. त्या पुरात काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने नदीच्या बांधावर राबवून घेतलं गेलं. झेपेलिनने मिनीचं नाव दिलं, तेवढं मान्य. पण तो बांध, ती बंदूक त्या हॉलमध्ये कुणाला आठवते? तिथे गाजतो तो ड्रम.

बचाव ठरलेला असतो : ब्लूज तोंडातोंडी फिरलेलं संगीत, सगळेच एकमेकांचं घेत. खरं आहे. पण घेणाऱ्या सगळ्यांना सारखे पैसे मिळाले नाहीत. बोलताना सामायिक म्हणायचं आणि सातबारा आपल्या नावावर करायचा, हा न्याय आपल्याला काही नवा नाही.

घेणं वाईट, असं आम्ही म्हणतच नाही. 1972 मध्ये आपल्या पोरांनी दलित पँथर काढली, तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं. पण कुणाकडून घेतलं ते छातीठोकपणे सांगितलं.

आता आपल्या घरात या. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफत. वेळ नाही म्हणून तेच कडवं गाळणारा आपला गायक आणि डिक्सनचं नाव न घेणारा तिकडचा नकलाकार, यांत आम्हाला फरक दिसत नाही. जयंतीच्या बॅनरवर गायकाचा फोटो, वर्गणीदारांचे फोटो, नगरसेवकाचा तर सर्वांत मोठा. गीतकार कुठाय?

पुढच्या जयंतीला मंडळांनी प्रत्येक गाण्याआधी माईकवरून गीतकाराचं नाव सांगावं. तो हयात असेल तर त्याचं मानधन आधी आणि डीजेचं नंतर. हयात नसेल तर पाकीट त्याच्या घरी पोचवावं.