पत नेमकी कोणाची गेली?

मालवण किनाऱ्यावरून बोटीने मुंबईस गेलेल्या माणसाची गिरणगावातील पहिली पत म्हणजे गावकऱ्यांची खोली. खाणावळीचे पैसे पगार झाल्यावर दिले तरी चालत. जामीन गावाचे नाव.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अनेकांसाठी गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीत घरांसाठी वाटा ठेवला, २००१च्या दुरुस्तीने तो मोकळ्या जागेपुरता आकसला. म्हाडाची ६,९२५ घरांची सोडत निघाली २०१२ साली. किंमत साडेसात लाख. संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार एव्हाना साठीला टेकलेला.

बँक पाहते पगारपत्रक आणि वय. गावची जमीन तारण ठेवावी, तर सातबाऱ्यावर साऱ्या भाऊबंदांची नावे (कोकणातला सातबारा हा अर्धा वंशवृक्षच!).

अशा माणसास ‘पत नसलेला’ ठरवणे इतिहासाला धरून नाही. ती पत तीस वर्षांच्या दिरंगाईने खाल्ली. दिरंगाई शासनाची, तर कर्जाला जामीनही शासनानेच राहावे. निदान सोडतीत लागलेले घर पैशांअभावी दलालाच्या घशात जाऊ नये.