दुसऱ्याची ओंजळ

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या बागायतीचा इतिहास नीरेच्या डाव्या कालव्याने लिहिला आहे. कालव्याचे पाणी आले, त्याच्या पाठोपाठ ऊस आला, आणि उसाबरोबर एक नाजूक विद्याही आली. पाणी केव्हा द्यावे व केव्हा तोडावे, ही ती विद्या. जाणता शेतकरी सरीत उतरे, मूठभर माती उचलून दाबून पाही, आणि वाफसा आला की नाही ते सांगे. ही परीक्षा त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेली नव्हती. ती त्याच्या हाताला ठाऊक असे.

आता काही शेतांत त्याच सरीमध्ये एक लहानसे यंत्र रोवलेले दिसते. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग आरंभिला. जानेवारी २०२५ मध्ये त्या कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याची जाहीर वाखाणणी केली, आणि बारामतीचे नाव दूरवर गेले. जमिनीतील यंत्र ओलावा मोजते, हवामान केंद्र वारा व पाऊस टिपते, उपग्रह वरून पीक न्याहाळतो. ही सारी माहिती इंटरनेटवरून दूरच्या संगणकांत जाते, तेथे तिचा हिशेब होतो, आणि पाणी द्यावे की न द्यावे याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. पुष्कळ घरांत मोबाइलवरचे असले निरोप आजोबांना वाचून दाखविण्याचे काम नातवंडांकडेच असते.

हा प्रयोग उपयुक्त आहे, यात शंका नाही. अतिरिक्त पाण्याने जेथे कित्येक जमिनी खारवट झाल्या, तेथे पाणी वाचविणारी कोणतीही विद्या स्वागतार्हच होय. परंतु वाफशाचे ज्ञान शेतकऱ्याच्या मुठीतून निघून परक्या संगणकात जाऊन बसते, तेव्हा दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्या संगणकाचे दार कोण फोडू शकेल? आणि त्या दाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास पुण्यापलीकडे जावयास नको. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये दरोडा पडला, पण दरोडेखोरांनी बँकेचा उंबरठाही ओलांडला नाही. एटीएममधून पैसे द्यावेत की नाही हे ठरविणारी जी संगणकीय यंत्रणा, तिच्याऐवजी त्यांनी आपली नकली यंत्रणा पुढे केली. मग बनावट कार्डांना बिनदिक्कत होकार मिळू लागला. शनिवारी, ११ ऑगस्ट रोजी, अवघ्या काही तासांत अठ्ठावीस देशांतील एटीएममधून पैसे उचलले गेले. सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये! तिजोरीचे कुलूप मात्र जागच्या जागी शाबूत होते.

चोरापासून सावध राहता येते. पण रखवालदाराच्याच हातून चूक झाली तर? क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन कंपनी संगणकांचे रक्षण करण्याचा व्यवसाय करते. १९ जुलै २०२४ रोजी तिने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. ज्यांना हाताने लिहिण्याची सोय उरली होती, त्यांचे काम कसेबसे चालले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

किल्लीचा प्रश्न याहून अवघड आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धी कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले; तिच्यात रशियन कंपनीचा मोठा वाटा आहे, हे त्याचे कारण. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबविली. कर्मचाऱ्यांना आपलाच पत्रव्यवहार दिसेना. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. एवढ्या मोठ्या कारखान्याला न्यायालय गाठता आले. चार एकर उसाच्या धन्याने कोठे जावे?

कोणी म्हणेल, शेतकरी परावलंबी कधी नव्हता? कालवा सरकारचा, खत कंपनीचे, भाव बाजाराचा. हे खरेच आहे. परंतु याच मातीत त्याचे एक उत्तरही सापडते. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला खाजगी साखर कारखाना होता. पुढे शेतकऱ्यांनी भाग विकत घेऊन माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभारले. यंत्रे बाहेरूनच आणली, पण मालकी सभासदांची ठेवली. सहकारी कारखान्यात भांडणे होतात, राजकारण होते. तरी वार्षिक सभेत उभा राहून हिशेब मागण्याचा हक्क सभासदाला असतो. मायक्रोसॉफ्टच्या कचेरीत हा हक्क त्याला कोण देणार?

म्हणून यंत्र उपटून टाकावे, असे मुळीच नाही. शेतातून निघालेल्या माहितीचा एक उतारा गावाजवळ राहावा, इतकेच. कारखान्याच्या शेतकी खात्यात सभासदांच्या उसाच्या लागणीच्या नोंदी ठेवल्या जातात. त्यांच्या शेजारी ओलाव्याचे, पावसाचे व पाणीपाळ्यांचे आकडे कारखान्याच्या स्वतःच्या संगणकात जपून ठेवता येतील. ते कोणी पाहावेत आणि कोणी पाहू नयेत, हे सभासद ठरवतील. येत्या वार्षिक सभेत एखाद्याने एवढा ठराव मांडला, तर अनुमोदनाला हात कमी पडू नयेत.